देवीच्या उजव्या बाजूला

अननस कापणाऱ्या बाईनं विचारलं, "तो फिन मांजे?" जेवलास का?

*

पाच ऊस. बुडखे लांब लांब रोवलेले, शेंडे वर एकत्र बांधलेले. खाली नारळ, तांब्या, विड्याची पानं.

*

जर्वेझ वादळानं बों अक्योयच्या देवळाचं पत्र्याचं छप्पर उचललं आणि शेजारच्या लीचीच्या झाडात नेऊन ठेवलं. देवी जागची हलली नाही. तिच्यापुढचं निरांजनही हललं नाही. (ते विझलं होतं, पण हललं नव्हतं. सांगताना लोक पहिला भाग गाळतात.)

*

पुण्यात तोंडी परीक्षा घ्यायला बसलेल्या तिघांपैकी मधल्यानं विचारलं होतं, "ईश्वर आहे, हे विधान आहे की उद्गार?"

*

अनुसयाक्का बस रंगावरून ओळखते.

*

एक हात. दोन बोटं वर, बाकीची मिटलेली.

*

हे सगळं गोवर्धनच्या डोक्यात साधारण एकाच वेळी आलं, शहात्तर सालच्या सप्टेंबरात, पोर्ट लुईच्या बाजाराच्या फाटकापाशी, जेवणाच्या सुट्टीत. शिक्षण खात्याच्या पौर्वात्य भाषा विभागातून तो पाय मोकळे करायला बाहेर पडला होता. बाई अनोळखी होती, डोक्याला फडकं, हातात लांब सुरी. गिऱ्हाइकाशी बोलतात तसं ती बोलली होती, त्यात काहीच नव्हतं. पण तो प्रश्न ऐकताच गोवर्धनची मान खाली गेली. नुसती खाली नाही, कपाळ पुढे करून, डोळे मिटून, कुणीतरी आता त्यावर अंगठ्यानं हळद लावणार आहे अशी. टाय घातलेला, चौतीस वर्षांचा माणूस फुटपाथवर अननसवालीपुढे वाकला. मागचा माणूस त्याला आपटला. बाईनं खाली पाहिलं, त्याच्या बुटांच्या आसपास, आणि बेटावरच्या क्रेओल बोलीतच विचारलं, काय पडलं? काही नाही, तो म्हणाला. मग काहीतरी केलं पाहिजे म्हणून त्यानं अननस घेतला, मीठ-मिरची लावलेला, आणि भिंतीला टेकून खाल्ला. रस मनगटावरून बाहीत गेला. बाही ओली होऊन थंड पडेपर्यंत तो तिथेच होता. आपण कुणापुढे वाकलो याचा विचार त्यानं टाळला. टाळला म्हणजे, तो विचार त्यानं नीट मांडला, आणि नीट मांडलेला विचार त्याला कधीच त्रास देत नसे.

देवी असंच विचारायची. बों अक्योयमधल्या त्यांच्या वस्तीत वर्षातून एकदा, महिना ठरलेला नसे, गोंधळ घालत, आणि पाच उसांच्या खाली बसलेल्या आईच्या अंगात देवी येई. आली की आधी लहान मुलांकडे वळे आणि विचारी, जेवलास का. क्रेओलमध्ये. देवी नेहमी क्रेओलमध्येच बोले. याचं कुणाला नवल वाटत नव्हतं, कारण वस्तीत सगळेच क्रेओल बोलत. उसाच्या रानात, दुकानात, भांडताना, आणि पुष्कळदा घरातसुद्धा. मराठी गाण्यात होती, आरतीत होती, म्हाताऱ्यांच्या तोंडात होती. पण देवीचा शब्द क्रेओलमध्ये पडला तर तो पडल्यासारखा धरत नसत. तिच्या उजव्या बाजूला घरातला एक पुरुष उभा राही आणि ती जे बोलली ते मराठीत सांगे. त्याला अर्थ सांगणारा म्हणत. अर्थ सांगून होईपर्यंत कुणी हलत नसे. देवीनं सरळ एखाद्या बाईला क्रेओलमध्ये सांगितलं, तुझा रेडा बरा होईल, तरी ती बाई, जिला ते स्वच्छ कळलेलं असे, हात जोडून अर्थ सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राही. त्यानं म्हटलं, देवी म्हणते रेडा बरा व्हईल, की मग ती रडे. गोवर्धनच्या लहानपणी अर्थ सांगणारा म्हणजे त्याचे वडील होते. आई वारली तेव्हा तो पुण्यात होता. पुढच्या वर्षी त्याच पाच उसांखाली त्याच्या थोरल्या बहिणीच्या, अनुसयाक्काच्या अंगात देवी आली. वडील त्याआधीच गेले होते. तेव्हापासून उजव्या बाजूला तुलसीराम काका उभे राहत. ते वडिलांचे चुलतभाऊ, गिरणीतून निवृत्त झालेले, मोठ्या आवाजाचे.

तो आज जो कोण आहे तो देवीच्या एका वाक्यामुळे आहे. हे वाक्य त्यानं पुण्यात कुणाला सांगितलं नव्हतं. अठ्ठेचाळीस सालच्या जानेवारीत, तो सहा वर्षांचा असताना, देवी बोलली आणि वडिलांनी अर्थ सांगितला: देवी म्हणते, पोराला शाळेत घाला. वडिलांच्या मनात त्याला शाळेत घालायचं नव्हतं. त्याला रानात गवत कापायला न्यायचं ठरलं होतं, विळा आणला होता. आईनं नवऱ्याला काही सांगायची रीत नव्हती. आई सांगत नसे, पानं वाढत असे. पण देवीला नाही कसं म्हणणार? दुसऱ्या आठवड्यात तो शाळेत गेला. आठवणीत वडिलांचं वाक्य आहे, त्यांचा आवाज, तुटलेल्या दातामुळे येणारी शीळ. देवीचं वाक्य आठवत नाही. ते असलंच पाहिजे, आधी ते, मग हे. पण आठवणीत फक्त अर्थ उरला आहे आणि ज्याचा तो अर्थ आहे त्या वाक्याच्या जागी एक हात आहे, हळदीनं पिवळा, दोन बोटं वर केलेली. तर्जनी आणि मधलं. उसाच्या पानाची सावली त्यावरून जाते-येते.

(आईनं सोंग घेतलं होतं का? हा प्रश्न त्यानं पुण्यात पहिल्या वर्षी स्वतःला विचारला आणि दुसऱ्या वर्षी रद्द केला. सोंग असेल तर त्याचं शिक्षण एका फसवणुकीतून निघालेलं आहे. सोंग नसेल तर ज्या शिक्षणानं अशा गोष्टी मानायच्या नाहीत असं शिकवलं, ते अशाच गोष्टीनं दिलेलं आहे. दोन्ही बाजूंनी विचार केल्यावर प्रश्नाची मांडणीच सदोष आहे असं त्यानं ठरवलं.)

पुण्याला तो सरकारी शिष्यवृत्तीवर गेला होता. ईश्वरविषयक शास्त्र शिकायचं हे त्यानं निवडलं तेव्हा खात्यातल्या साहेबानं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं होतं. पण त्याला ते आवडलं. ज्याची कुणी मोजमापं घेऊ शकत नाही त्याच्याविषयी इतक्या बारकाईनं बोलता येतं, हे त्याला आवडलं. सगुण, निर्गुण. नाही-नाही करत जाणारी वाट आणि आहे-आहे करत जाणारी वाट. चार वर्षांत त्याच्या हाती एवढंच लागलं की हे शास्त्र देवाबद्दल नसतंच. देवाबद्दल बोलताना माणसानं कुठे थांबावं, याबद्दल ते असतं. विधान की उद्गार, असं त्या परीक्षकानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ऐकणारा कोण आहे त्यावर अवलंबून आहे, सर." तिघांनाही उत्तर आवडलं. "तुमच्या बेटावर लोक काय मानतात?" शेवटी त्यांनी सहज विचारलं. "इथलंच," तो म्हणाला. फक्त प्रबंधाच्या एका तळटीपेत त्यानं आईचा हात घातला, आईचं नाव न घेता. सागरापलीकडच्या मराठी वस्तीत देवीच्या आविर्भावाच्या वेळी दोन बोटं उंचावण्याची मुद्रा आढळते; ती जीव आणि शिव यांचं द्वैत सुचवते, आणि बोटं एकाच तळव्याची असल्यामुळे अद्वैतही. मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, सुंदर.

परत आल्यावर तो रोझ हिलला राहू लागला. निर्मलाशी लग्न झालं. ती तिथल्याच एका शाळेत फ्रेंच शिकवायची. त्याला दर आठवड्याला रेडिओवर दहा मिनिटं मिळाली, मराठी कार्यक्रमात, धर्मावर. लोक ऐकत. कळत किती, सांगता येत नाही. पण मृदंग वाजून गोवर्धनचा आवाज आला की बों अक्योयला आणि सें पिएरला, प्लेन मान्येनला, रेडिओजवळचे लोक सरळ बसत, एवढं त्याला पुष्कळांनी सांगितलं होतं. जीव-शिवाची मुद्रा त्यानं रेडिओवरही सांगितली. त्यावर तुलसीकाकांचा निरोप आला, आम्हाला ठाऊक नव्हतं आमच्याकडे एवढं काय होतं ते.

अननसाच्या दिवसानंतरच्या शनिवारी अनुसयाक्का रोझ हिलला आली. अर्धा दिवस फॅक्टरी करून, तशीच. ती नव्या निर्यात विभागातल्या एका फॅक्टरीत स्वेटरला बाह्या जोडायची. बोटांच्या पेरांत लोकरीचा बारीक निळा भुगा होता. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, पण बसताना तिनं खुर्चीची कडच घेतली, कुणी उठवलं तर उठता यावं अशी.

"मला थांबवणार हायत ते?" ती म्हणाली.

"अक्का, अजून काही ठरलं नाही. रविवारी सभा आहे."

"तू सांगशील तेच ठरंल. रेडिओवर बोलणाऱ्याचं कोण न्हाय ऐकत?"

"घर सोडून सगळे ऐकतात, वन्सं," निर्मला चहा ठेवत म्हणाली.

अक्का हसली. तिचं हसू आईसारखं नव्हतं. आई कधी हसायची ते त्याला आठवत नव्हतं, त्यामुळे ही तुलना त्यानं सोडून दिली. वादळानंतर देऊळ सिमेंटचं बांधलं होतं, स्लॅब घालून. डिसेंबरात उद्घाटनाला महाराष्ट्रातून पाहुणे येणार होते. त्यांच्यादेखत देवी क्रेओलमध्ये बोलली तर काय दिसेल, असं कमिटीतल्या तरुणांचं म्हणणं होतं. तेव्हा आधीच, सप्टेंबरातल्या गोंधळापासूनच, अंगात येणं बंद करावं. शास्त्रात आधार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून गोवर्धनला बोलावलं होतं.

"फॅक्टरीत बोलायचं न्हाय," अक्का कपात बघत म्हणाली. "मशीन बोलतंय. घरी आलं की नवरा बोलतोय. वर्षातनं एक दिस मी गप ऱ्हाते नि ती बोलते. तिला तरी बोलू दे. मला घालवा पाहिजे तर, दुसरी कोणतरी बसवा. पण तिला घालवू नका."

"ती बोलते ते तुला आठवतं?" हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. विचारल्यावर वाटलं, आपण परीक्षक झालो.

"आठवत असतं तर दरसाल तुलसीकाकाला कशाला विचारलं असतं, काय म्हणाली म्हणून?" हे खरं होतं. डोळे उघडले की अक्का पाणी पिई आणि पहिलं ते विचारी. आईही तसंच विचारायची, वडिलांना. आणि वडील सांगत. आईला तिच्या तोंडून गेलेलं वाक्य वडिलांकडून कळत असे. जेवढं कळत असे तेवढं.

जाताना निर्मलानं तिला बसच्या थांब्यापर्यंत सोडलं. परत येऊन म्हणाली, "तुमच्या अक्का बसच्या पाटीकडे बघतही नाहीत. लांबून रंग बघतात. मी म्हटलं, चुकत नाही का? तर म्हणाल्या, लोक वाचून चुकतात, मी न्हाय चुकत." गोवर्धन सभेत काय म्हणायचं ते मांडत होता. हो, तो म्हणाला, ती हुशार आहे.

रविवारची सभा नव्या देवळातच झाली, ओल्या सिमेंटच्या वासात. गोवर्धनला ती पुढे आठवली तेव्हा प्रश्नोत्तरासारखी आठवली, म्हणजे परीक्षेसारखी.

जयदेव, कमिटीचा सेक्रेटरी, शिक्षक: देवीला मराठी येत नाही, हे शास्त्राला धरून आहे का?

गोवर्धन: देवता कोणत्या भाषेत बोलते यावर बंधन नाही.

जयदेव: म्हणजे क्रेओल चालते?

गोवर्धन: चालते असंही वचन नाही.

एक म्हातारा: क्रेओल तर बोंज्येची, पाद्र्यांच्या देवाची. त्यांचा देव मराठी बोलतो का कधी?

(हशा.)

जयदेव: अंगात येणं हेच शास्त्राला मान्य आहे का?

गोवर्धन: काही ठिकाणी मान्य आहे, काही ठिकाणी ते भूतबाधेत धरलं आहे. लक्षणं दिली आहेत. लक्षणं एकमेकांत मिसळतात.

जयदेव: भाऊ, आम्हाला हो की नाही एवढंच पाहिजे.

गोवर्धन: शास्त्र याबाबत गप्प आहे.

जयदेव: गप्प म्हणजे हो की नाही?

इथे तो थांबला. जिथे थांबायचं ते त्याला ठाऊक होतं, ते त्याचं शिक्षणच होतं. बायकांच्या बाजूला अक्का खांबाला टेकून बसली होती आणि त्याच्याकडे नाही, जयदेवकडे बघत होती. हो म्हणणं सोपं होतं. पण हो म्हटलं की देवी आहे, बोलते, तिनं अठ्ठेचाळीस साली एक वाक्य म्हटलं, आणि मग ते वाक्य काय होतं हे विचारावं लागतं. नाही म्हटलं की आईनं सोंग घेतलं होतं. भिंतीवर सिमेंटचा एक ओला डाग वाळत वाळत लहान होत होता आणि त्याला वाटलं, तो पूर्ण वाळेपर्यंत आपण बोललो नाही तर कुणीतरी दुसरं बोलेल. तसंच झालं.

"माजं ऐका," तुलसीकाका म्हणाले. "माजा घसा गेलाय. मी किती वर्सं वरडू? देवी येऊ दे. काय बोलायचं ते बोलू दे. पण अर्थ गोवर्धन सांगंल. पुण्याचा एम्. ए. हाय. पाव्हण्यांसमोर त्याचं मराठी म्हंजे काय! देवीला सुद्दा बरं वाटंल."

जयदेवनंही मान डोलावली. आणखी दोन गोष्टी ठरल्या: गोंधळ रात्री नको, दुपारी, जेवणं झाल्यावर, लांबच्या लोकांना बस मिळाली पाहिजे. आणि अर्थ सांगितल्याशिवाय देवीचा शब्द धरायचा नाही. दुसरी गोष्ट पहिल्यापासून तशीच होती, पण ठरवल्यावर ती नवी वाटली. अक्का बाहेर चपला घालत असताना तिनं त्याच्या बाहीला हात लावला. "आता बरं झालं," ती म्हणाली. "घरातला माणूस उभा ऱ्हाणार."

गोंधळाच्या दिवशी ऊन होतं, पाच उसांची सावली जेमतेम होती. ऊस जयदेवच्याच रानातले, कापणी चालू होती. रात्रीच्या दिवट्या दुपारी कशा दिसणार, पण पेटवल्या होत्या. ज्योत दिसत नव्हती, वरची हवा तेवढी हलताना दिसे. ढोलकी सुरू झाली. गोवर्धन उजव्या बाजूला उभा राहिला, जिथे वडील उभे राहत. तिथून वेगळं दिसत होतं हे त्याला एकदम कळलं. लहानपणी तो समोरून बघत असे. इथून देवीचा चेहरा दिसत नव्हता. नुसता कान, जबडा, आणि उजवा हात. वडिलांनी एवढ्या वर्षांत तिचा चेहरा पाहिलाच नसणार. अक्काचा खांदा आधी हलला, मग पाठ, मग कपाळ पुढे येऊन मागे गेलं, आणि ढोलकी थांबली. तिनं मान फिरवली, पहिल्यांदा त्याच्याकडेच, आणि विचारलं, "तो फिन मांजे?"

त्याची मान खाली गेली. या वेळी कुणी मागून आपटलं नाही. "देवी विचारते," तो मोठ्यानं म्हणाला, "जेवलास का?" लोक हसले, मायेनं. तुलसीकाका ओरडले, "सांग, दोन येळा जेवला म्हणून!"

मग लोक पुढे येऊ लागले. विद्यावती नावाच्या एका बाईचा मुलगा लंडनला नर्सिंगला गेला होता, पत्र नव्हतं. देवी म्हणाली, गाढव आहे, लिहील. गोवर्धन म्हणाला, देवी म्हणते, धीर धरा, वार्ता येईल. विद्यावतीनं गाढव ऐकलं होतं, ती खुदकन हसली होती. पण रडली ती धीर धरा ऐकल्यावर. एकाला देवी म्हणाली, दारू सोड, बायको मरेल. गोवर्धन म्हणाला, देवी म्हणते, व्यसन कुळाला बुडवतं. त्याला हे सोपं जात होतं. वाक्य कानावर पडायच्या आत तोंडात तयार होत होतं, गुळगुळीत, कोपरे गेलेलं, रेडिओवर चालेल असं. खोटं नव्हतं. सगळ्यांनी दोन्ही ऐकलं होतं आणि सगळे दुसरं घेऊन जात होते. तो त्रयस्थासारखा स्वतःकडे बघत होता आणि त्याला वाटलं, चार वर्षं पुण्यात आपण हेच शिकत होतो. एक गरम गोष्ट आणि ती हातात धरता यावी म्हणून घेतलेलं फडकं. माणसं फडकं ओळखतात. त्यात वाईट काय आहे?

रांग संपली. जयदेव आरतीचं ताट घेऊन पुढे आला होता. तेव्हा देवीनं पुन्हा मान फिरवली. आता तो वाकला नव्हता, म्हणून त्याला चेहरा दिसला. अक्काचा चेहरा, घामानं भिजलेला, भुवईत अडकलेला लोकरीचा निळा धागा. डोळे उघडे होते, पण कशावर होते ते सांगता येत नव्हतं. तिनं उजवा हात उचलला. दोन बोटं वर. तर्जनी आणि मधलं. उसाच्या पानाची सावली त्यावर आली, गेली. ती म्हणाली, "लेकोल." शाळा. मग म्हणाली, "मो ती दीर तुले दे." मी दोघं म्हटलं होतं. तर्जनी त्याच्याकडे वळली, त्याच्या छातीच्या दिशेनं. मग तोच हात फिरला आणि दुसरं बोट तिच्या स्वतःच्या गळ्याखाली टेकलं. "तुले दे," ती पुन्हा म्हणाली, हळू, एखाद्या मुलाला दुसऱ्यांदा सांगतात तसं.

आवारातल्या प्रत्येकाला क्रेओल येत होती.

कुणी हललं नाही. एक पोर रडलं, त्याला कुणीतरी छातीशी घेतलं. पुढच्या ओळीत बसलेले तीन-चार म्हातारे होते, वस्तीतले, वडिलांच्या वयाचे. ते अठ्ठेचाळीस साली तरुण असणार, इथेच बसलेले असणार. गोवर्धननं त्यांच्याकडे पाहिलं. एक जण जमिनीकडे बघत होता, बाकीचे गोवर्धनच्या तोंडाकडे, हात जोडून, वाट बघत. त्याच्या आठवणीतला तो पिवळा हात आता कुठे जात होता ते त्याला दिसलं. एक बोट त्याच्याकडे. दुसरं त्याच्या शेजारी, जिथे परकर धरून आठ वर्षांची कुणीतरी उभी होती, जिला त्यानं त्या आठवणीत कधी ठेवलंच नव्हतं. वडिलांना चेहरा दिसत नव्हता, पण हात दिसत होता. ही आईची गोष्ट होती की देवीची, की अक्काची, तिनंच इतकी वर्षं जपून ठेवून आज काढलेली, हे ठरवायला लक्षणं होती, ती एकमेकांत मिसळत होती. आणि तसं ठरवायची गरजही नव्हती. एक साधं वाक्य मराठीत करायचं होतं. कुठलीही अवघड कल्पना त्यात नव्हती. त्याच्या जिभेला अननसाची चव आली, आंबट, मिठाची.

तुलसीकाका पुढे झुकले. त्यांना मनापासून मदत करायची होती. "अरे, दोन बोटं," ते कुजबुजले, पण त्यांची कुजबूज मागच्या ओळीपर्यंत जाई. "रेडिओवर सांगितलंस ते. जीव आणि शिव."

मागून कुणीतरी म्हणालं, जीव आणि शिव. बायकांतून आवाज आला, जीव-शिव, जीव-शिव. जयदेवनं ताट थोडं वर धरलं.

"देवी म्हणते," गोवर्धन म्हणाला. थांबला. ढोलकीवाल्यानं हात उचलून ठेवला होता. "देवी म्हणते, जीव आणि शिव. दोन दिसतात, दोन्ही एकच आहेत."

ढोलकी वाजली. आरती सुरू झाली, सगळे उठले, म्हाताऱ्यांचेही हात वर गेले. आरती खूप सुंदर झाली, असं पुढे सगळेच म्हणत होते.

अक्काला बायकांनी खांबापाशी नेऊन बसवलं. तिनं पाणी मागितलं, अर्धं प्यायली, उरलेलं चेहऱ्यावर मारलं. मग पदरानं कान पुसत त्याच्याकडे बघून विचारलं, "काय म्हणाली?"

त्यानं सांगितलं. विद्यावतीच्या मुलाचं, दारूचं. आणि जीव आणि शिव.

"आणि?"

"एवढंच."

अक्कानं त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे आता कशावर आहेत ते सांगता येत होतं. "बरं," ती म्हणाली. भुवईतला धागा तिच्या हाताला लागला, तो तिनं काढून बोटांत चुरगाळला. "चांगलं सांगितलंस. तुलसीकाकाला एवढं जमलं नसतं."

चारच्या सुमाराला ती त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आली. निर्मलासाठी नारळाचं अर्धं भकल आणि दोन पेरं ऊस कागदात बांधून दिला. कापलेल्या उसाच्या रानात धूळ उडत होती. वळणावर दोन बस एकामागून एक दिसल्या. पाटी वाचायला तो डोळे बारीक करून बघत होता. ऊन समोरून होतं, अक्षरं लागत नव्हती. अक्कानं हात कपाळावर धरला.

"पहिली तुजी न्हाय," ती म्हणाली. "मागली. निळी."

निळीच होती. त्यानं खिडकीतून हात हलवला, तिनंही हलवला, सगळी बोटं उघडी ठेवून. पुढच्या आठवड्यात त्यानं रेडिओवर शब्दप्रमाणावर, म्हणजे ऐकलेला शब्द खरा कधी धरावा यावर, भाषण केलं. ते दहा मिनिटांऐवजी आठच मिनिटांत संपलं, आणि उरलेल्या वेळात मृदंग लावावा लागला.

अठ्ठेचाळीस सालच्या जानेवारीत अनुसया आठ वर्षांची होती. गावच्या शाळेत तेव्हा मुलींनाही घेत असत.